पांढऱ्याचं पीस

मुठा,
१२ ऑक्टोबर १९५९

तीर्थरूप गेणबामामांच्या सेवेशी गोजराचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं कोंबड्यांचं डालगं काल दिवस मावळायच्या आत सुखरूप पोचलं. दुधवाल्याने सायकलीवरून उतरवलं तेव्हा अर्धी आळी अंगणात जमली होती. झाकण काढलं, पांढरा बाहेर आला, आणि शेजारची राजाबाई म्हणाली, "अगं बया, ह्यो ससा हाय का कोंबडा?" मामा, मीसुद्धा पाहतच राहिले. अंगावर पिसं नाहीतच, नुसता पिंजलेला कापूस. डोक्यावर झुबका, पायात लोकरीचा पायजमा. दोन माद्यांपैकी एक काळीभोर, दुसरी चुलीतल्या राखेच्या रंगाची. काळी लाजाळू आहे. राखी आल्या आल्या माझ्या मांडीवर चढून बसली.

सासूबाईंनी मात्र आधी पायाची बोटं मोजली. आपल्या कोंबडीला चार, यांना पाच. "म्या उभ्या जल्मात पाच बोटाची कोंबडी पाह्यली न्हाई. हितं ठिवू नगंस, घरात काय तरी इपरीत हुईल." शेवटी आमचे हे मध्ये पडले आणि गोठ्याच्या वळचणीला जागा मिळाली.

मला एक भीती वाटते. पांढऱ्याच्या कानाखालची पाळी निळसर दिसते आणि तुरा तर तुऱ्यासारखा नाहीच, नुसता काळपट सुरकुतलेला गोळा. रोग तर नाही ना? तुम्ही सांगितल्याप्रमाणे तिघांचं एकेक पीस सोबत ठेवलं आहे.

मामा, सातवी पास होऊन या घरात आले त्याला सहा वर्षं झाली. भाकरी चांगली थापते एवढंच माझं नाव. हे एक काम माझं म्हणून आलं आहे. मी ते नेटाने करीन.

तुमची गोजरा


पुणे,
१९ ऑक्टोबर १९५९

चि. सौ. गोजरास गेणबामामाचा आशीर्वाद.

माझ्या अक्षराला इथं कुक्कुटपालन केंद्रात सगळे कोंबडीचे पाय म्हणतात. पाच बोटांच्या कोंबडीचे समज आणि लावून वाच.

रोग नाही, वेडे, तेच तर त्यांचं कुळ! निळी पाळी, गोळ्यासारखा तुरा, पायावर लव, पाचवं बोट वर उचललेलं, हे सगळं असलं म्हणजे जात खरी. आणि सगळ्यांच्या वर पीस. साध्या पिसाच्या काड्या एकमेकींना घट्ट धरून असतात, म्हणून त्याचा पंखा होतो. आपल्या या रेशमी जातीच्या काड्या मोकळ्या असतात. म्हणून तिला उडता येत नाही आणि पाणी अंगावरून ओघळत नाही, मुरतं. मुळशीतला पाऊस तिला एक दिवस सोसायचा नाही, हे ध्यानात ठेव.

रंगाचं म्हणशील तर पांढरा, काळा, राखी, बदामी, सगळे येतात. रंग बघून जात ठरवायची नाही.

आणखी एक. पिसं बाजूला करून बघितलंस तर आत कातडी काळी दिसेल. मांस काळं, हाडंसुद्धा काळी. पांढऱ्याचीही तशीच. हे मात्र सासूबाईंना सांगू नकोस. पाच बोटांनीच त्यांनी घर डोक्यावर घेतलंय, हे कळलं तर डालगं नदीत सोडतील.

आता कामाचं. मी ज्या मडमकडे कामाला होतो त्या विलायतेला गेल्या तेव्हा त्यांच्या बागेतल्या या कोंबड्या माझ्याबरोबर केंद्रात आल्या. तीस वर्षं मी त्यांना जपलं. आता केंद्राच्या साहेबांना जागा हवी आहे जास्त अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी. उरलेल्या रेशमी दिवाळीनंतर विकून टाकणार. मी म्हटलं, साहेब, अंडी उबवायला हिच्यासारखी दुसरी आई नाही. गावोगाव अंडी वाटाल, ती उबवणार कोण? तेव्हा ते कबूल झाले. फेब्रुवारीअखेर ते स्वतः मुठ्याला येतील. तुझ्याकडे सहा अस्सल पिल्लं दिसली तर ही जात तुझ्या नावावर केंद्राच्या दप्तरी राहील आणि उबवायची अंडी तुझ्याकडे येतील. नाही दिसली तर विषय संपला. मी तुझ्या नावाने शब्द दिला आहे.

दर महिन्याला तिघांचं एकेक पीस पाठव. पीस बघितलं की मला कोंबडी बघितल्यासारखं वाटतं.

तुझा गेणबामामा


मुठा,
९ डिसेंबर १९५९

ती. मामांस सा. न.

पत्राला उशीर झाला, क्षमा असावी. लवळ्याला धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला गेले होते. अठरा नोव्हेंबरला गेले ती परवा आले. मुलगा झाला. दोघं खुशाल आहेत.

राखी खुडूक झाली आहे. खाली नऊ अंडी आहेत. उठायचं नाव घेत नाही.

भात झोडून झालं. थंडी आहे. पांढऱ्याचं, काळीचं आणि राखीचं पीस सोबत आहे.

बाकी सर्व ठीक.

गोजरा


पुणे,
१६ डिसेंबर १९५९

चि. गोजरास आशीर्वाद.

तुझं पत्र एवढंसं. ज्या पोरीला राखी मांडीवर बसली हे लिहायला सबंध ओळ लागते, तिचं पत्र दहा ओळींत संपतं, तेव्हाच मनात आलं. मग पिसं काढली.

पोरी, गळून पडलेल्या पिसाचं बूड कोरडं आणि मिटलेलं असतं. काळीचं तसं आहे, राखीचं तसं आहे. पांढऱ्याच्या पिसाच्या बुडाला काळ्या कातडीचा कण चिकटलेला आहे. काड्या कढत पाण्यातून काढल्यासारख्या चिकटल्यात आणि त्यात राख आहे. हे पीस गळालेलं नाही. उपटलेलं आहे.

पांढरा कधी गेला?

रागावत नाही. खरं लिही.

गेणबामामा


मुठा,
२१ डिसेंबर १९५९

ती. मामांस,

तुमचं पत्र वाचून गोठ्यात जाऊन रडले. मी खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतं, पण तुम्हाला फसवलंच.

सासूबाईंनी म्हसोबाला नवस केला होता. म्हैस सुखरूप व्याली तर कोंबडा. मी लवळ्याला गेले आणि तिसऱ्या दिवशी म्हैस व्याली. नवस खरा तर त्यांच्या तांबड्या कोंबड्याचा. पण तांबडा जांभळीवर जाऊन बसला, काही केल्या उतरेना. भावकी जेवायला यायची होती. पांढरा पायातच घोटाळत होता. "ह्योच बरा, ह्यो उडत न्हाई का पळत न्हाई," म्हणाल्या आणि उचलला. हे मला राजाबाईने सांगितलं.

म्हसोबापुढे कापला तोवर सगळं ठीक होतं. घरी आणून कढत पाण्यात बुडवून पिसं काढायला बसल्या आणि खाली कातडी काळीठिक्कर! चिरला तर मांस काळं, हाडं काळी. बायका ओरडत उठल्या. भगत आला, त्याने लांबूनच पाहिलं आणि म्हणाला, "देवानं टाकला ह्यो. आतून नासवून दावला." भावकीतलं माणूस न माणूस जेवल्याशिवाय उठून गेलं. मामा, सासूबाई चुलीपाशी एकट्या उभ्या होत्या म्हणे, भाकरीची चळत तशीच. मग त्यांनी कोंबडा जांभळीखाली पुरला.

मी आले तेव्हा पांढरा नव्हता. मी म्हटलं, "आत्याबाई, असं कसं केलंत?" त्या म्हणाल्या, "तुजी अवदसा तू निस्तर." त्या दिवसापासून आमचा अबोला आहे. हे मध्ये बसून दोघींचे निरोप पोचवतात. उकिरड्यावरून एक पीस उचललं, राख झटकली आणि तुम्हाला पाठवलं. का ते मलाच सांगता येत नाही. तुमचा शब्द माझ्यामुळे खोटा पडला हे लिहायला हात उचलला नाही.

साहेबांना सांगा आणि दोन्ही माद्या परत घेऊन जा. माझ्या हातून झालं नाही.

गोजरा


पुणे,
२४ डिसेंबर १९५९

चि. गोजरास आशीर्वाद.

आधी माझी चूक ऐक. आत काळं असतं हे सासूबाईंना सांगू नकोस, असं मीच लिहिलं. त्या माउलीला ठाऊक असतं तर तिने पांढऱ्याला हात लावला नसता आणि भावकीपुढे तिची मान खाली गेली नसती. माझ्या शहाणपणाने तुमच्या दोघींत अबोला आला. तो तू मोड. मोठी ती आहे, पण चूक आपल्या घरची आहे.

आता रडू आवर आणि नीट वाच. कोंबडा गेला तरी त्याचं बीज मादीच्या पोटात दहाबारा दिवस टिकतं. म्हणजे राखीखालची अंडी पांढऱ्याची असू शकतात. असू शकतात म्हणतो, कारण तुझ्या घरी तांबडाही आहे. तू नव्हतीस तेव्हा माद्या अंगणात मोकळ्या हिंडत असतील तर पिल्लं तांबड्याची.

पिल्लं निघाली की पाच बोटं बघून नाचू नकोस. बाप तांबडा असला तरी बोटं पाच येतील, कातडीही सावळी येईल. रंगावरून काही कळायचं नाही. लहानपणी सगळीच पिल्लं लवेची असतात. खरं काय ते पंख फुटल्यावर. रेशीम ही नाजूक गोष्ट आहे गोजरा, ती आई आणि बाप दोघांकडून यावी लागते. एकीकडून जरी साधं आलं तरी पीस साधंच. महिनाभर थांब. पीस आपणहून सांगेल.

साहेबांकडे मी जाऊन बोंब मारणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही.

इथल्या रेशमी सोमवारी विकल्या. खानावळवाल्याने नेल्या. पिंजरे धुऊन झाले. आता जे काही आहे ते तुझ्या राखीच्या पोटाखाली.

गेणबामामा


मुठा,
३० जानेवारी १९६०

ती. मामांस शिरसाष्टांग नमस्कार.

मुद्दाम महिनाभर लिहिलं नाही. आज लिहिते.

सव्वीस डिसेंबरला पिल्लं निघाली. नवातली सहा. चार काळी, दोन राखी. सगळ्यांना पाच बोटं. तुम्ही नाचू नकोस म्हणाला होतात. थोडी नाचले.

मग वाट पाहणं सुरू झालं. राजाबाईकडे त्याच आठवड्यात साधी पिल्लं निघाली होती. रोज एक उसनं आणून शेजारी धरायची. पंधरवड्याने तिच्या पिल्लाला चपटे, टणक पंख आले. माझ्या पिल्लांनाही काड्या फुटल्या आणि त्या तशाच दिसत होत्या. पण चौथ्या आठवड्यात कडा विसकटायला लागल्या. आज पाच आठवडे झाले. सहाच्या सहा पिल्लांच्या अंगावर रेशीम आहे. फुंकर घातली की उडतं आणि आतली काळी कातडी दिसते.

मी घरी असताना माद्या तांबड्यापासून वेगळ्या ठेवायची, पण मी नसताना अंगणात तांबडा असून हे झालं कसं, ते मला कळेना. सासूबाई ओसरीवर तांदूळ पाखडत होत्या. मी जाऊन एक पिल्लू त्यांच्या सुपात ठेवलं. म्हटलं, "आत्याबाई, मी लवळ्याला होते तेव्हा या माद्या सुट्या होत्या का?"

त्यांनी सूप थांबवलं. दोन महिन्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सुट्या? मी काय येडी हाय व्हय? त्या नासक्याची बाधा माज्या तांबड्याला लागली आसती म्हंजे? त्याच दिशी दोगींना डालग्याखाली घातलं, वर पाटा ठिवला. तू येस्तवर दाणापाणी समदं आतच. तांबडा मेला दिसभर भवतीनं घिरट्या घालायचा. त्याला म्या काठीनं हाकलला, एकदा तर पार वढ्यापातुर."

मामा, मी हसायला लागले ते थांबेना. त्या म्हणाल्या, "हासायला काय झालं?" मी सगळं सांगितलं. बीज, रेशीम, तांबडा. कोंबड्यांची जात मी नाही राखली, त्यांच्या काठीने राखली. त्यांनी पिल्लाच्या पाठीवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "अंडी म्या उकिरड्यावर टाकाया काडली व्हती. ह्या राखीनं हाताखाली डोस्कं घातलं. धीर झाला न्हाई." आणि मग म्हणाल्या, "आत काळं आसतंय हे मला सांगितलं आसतंस, तर म्या कशाला कापला आसता गं?"

मी त्यांच्या पाया पडले. पिल्लू तेवढ्यात मूठभर कण्या खाऊन गेलं.

सहा पिसं सोबत आहेत.

तुमची गोजरा


पुणे,
८ मार्च १९६०

चि. गोजरास आशीर्वाद.

साहेब तुझ्याकडे जाऊन आले ते हसतच. मला म्हणाले, "गेणबा, तुझ्या भाचीच्या सासूने मला खाली बसवलं आणि मोजायला लावलं. 'मोजा सायेब, पाच हायेत का न्हाईत? फुका, आत काळं दिसतंय का? तसंच आसतंय त्ये.'" भगतालाही आता त्या असंच समजावत असतील.

मग त्यांनी पांढऱ्याचं विचारलं. मी खरं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ते म्हणाले, रेशीम खरं आहे, मला मान्य. पण सहाही माद्या निघाल्या तर पुढे काय? इथे नर उरलेला नाही. नर असेल तर जात आहे, नाही तर या सहांबरोबर संपली. दप्तरातली जागा त्यांनी कोरी ठेवली आहे.

त्यांचं म्हणणं बरोबर आहे. रेशमीचा नर ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. तुऱ्यावर जाऊ नकोस. डोक्यावरचा झुबका बघ. मादीचा गोल राहतो, नराच्या झुबक्यातून दोनचार पिसं मागे निघतात. तरी खात्री आरवल्यावरच. कधी सहा महिने लागतात. मी रोज मोजतोय.

गेणबामामा


(पोस्टकार्ड)

मुठा, १७ जून १९६०

ती. मामांस सा. न. आज सकाळी थोराड काळा वळचणीखालून आरवला. आवाज फाटक्या पिपाणीचा. तांबडा बघतच राहिला. सासूबाई शेणाच्या हाताने घरात धावत आल्या आणि म्हणाल्या, "गोजरे, आरावला गं!" पाऊस आहे, सगळ्यांना कोरड्यात ठेवलं आहे. — गोजरा


पुणे,
२५ जून १९६०

चि. गोजरास अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड घेऊन चपला न घालताच साहेबांच्या खोलीत गेलो. त्यांनी माझ्यासमोर दप्तर उघडून लिहिलं: रेशमी जात, मुठा, सौ. गोजराबाई. मी म्हटलं, साहेब, खाली तुळजाबाईंचंही नाव घाला. ते म्हणाले, त्या कोण? म्हटलं, ज्यांनी तुम्हाला बोटं मोजायला लावली त्या. घातलं बघ त्यांनी. सासूबाईंना वाचून दाखव. दिवाळीनंतर उबवायची पहिली अंडी तुझ्याकडे येतील.

मी दिवाळीत नोकरीतून मोकळा होतोय. जाताना एकच रुखरुख आहे. मडमच्या बागेतून पहिला आणला होता तो पांढरा होता. त्या रंगाची ओळ तीस वर्षं तुटू दिली नव्हती. पण एक गोष्ट सांगतो. पांढरा रंग मरत नाही, लपतो. तुझी ही सहा पिल्लं काळी-राखी दिसतात, पण पांढऱ्याचा वाटा प्रत्येकाच्या पोटात आहे. यांची आपापसात जोडी लाव. चारात एखादं पिल्लू पिवळं निघेल. पिवळं दिसलं म्हणून लगेच हुरळू नकोस, बदामीही लहानपणी पिवळंच दिसतं. पंख येईपर्यंत थांब.

निघालं तर मला कळव.

गेणबामामा


मुठा,
२२ जानेवारी १९६१

तीर्थरूप मामांच्या सेवेशी गोजराचा शिरसाष्टांग नमस्कार.

नोव्हेंबरात राखीच्या पोटाखाली अकरा पिल्लं निघाली. त्यात दोन पिवळी होती. तुम्हाला लिहिलं नाही. पंख येईपर्यंत थांब, हे तुमच्याकडूनच शिकले.

सासूबाईंना मात्र मी सगळं सांगते आता. त्या रोज सकाळी दोन्ही पिवळी पिल्लं उन्हात धरून बघायच्या. "बदामी का पांडरा?" एवढंच विचारायच्या. मी म्हणायची, अजून नाही कळत. पिवळा फिका होत गेला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी पाहिलं तर दोघांवरही पिवळ्याचा मागमूस नव्हता.

संक्रांतीला त्या नवं लुगडं नेसल्या, दोघांतलं मोठं पिल्लू पदरात घेतलं आणि म्हणाल्या, "चल माज्यासंगं." आम्ही दोघी म्हसोबाला गेलो. भगत तिथेच बसला होता. त्याच्यादेखत त्यांनी पदर उघडला, पिल्लू देवापुढे धरलं, फुंकर घालून आतली काळी कातडी दाखवली आणि देवालाच म्हणाल्या, "बग बाबा. तू नासवला नव्हतास, म्या वळखला नव्हता. परत दिलास, त्यो आदीचा गोड मानून घे. आता ह्यो तुज्या वाट्याचा न्हाई, ह्यो गेणबाचा हाय." परत पदरात घेतलं आणि घरी आलो.

मामा, नोकरी संपली, आता तुम्हाला तिथे कोण आहे? सासूबाई म्हणतात, "त्यास्नी लिव, वळचणीला नव्हं, वसरीवर जागा हाय." तुम्ही या. पांढरा नर निघाला तर तो आरवेल तेव्हा तुम्ही इथे असावं असं आम्हा दोघींना वाटतं.

सोबत त्याचं पीस ठेवलं आहे. सकाळी डालग्यात सापडलं. बूड पाहून घ्या मामा, कोरडं आहे.

तुमची गोजरा